आधी अहवाल, मग प्रेत

२ जून
सामान सुखरूप पोहोचलं. एक पेटी, देवाची तसबीर, पितळी डबा. हमाली चाळीस, जरा जास्तच घेतली मेल्याने. आजपासून डॉक्टरांकडे स्वयंपाक. खोली हवेशीर, पाणी मुबलक. देवाची कृपा! डॉक्टर प्रेतं तपासतात. कोर्टात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी कुणाची आई, हे त्यांना ठाऊक नाही.

५ जून
पद्धत कळली. पोलिसांचा कागद आला की डॉक्टर त्या बोलक्या यंत्राला सांगतात, लिही अहवाल. यंत्र लिहितं, हे सही ठोकतात, प्रेत मागाहून उघडतात. उघडलं तर. नातेवाइकाची प्रत परस्पर टपालाने जाते. माझ्या लेकीचंही असंच झालं. जाळलं नवऱ्याने, अहवालात ‘आत्महत्या’. जावई उजळ माथ्याने फिरतोय.

९ जून
आज तोंड उघडलं. मी तिची आई, अहवाल बदला म्हटलं. हसले. म्हणाले, बाई, मॅट्रिकच्या जोरावर मला शिकवता? भाजीत मीठ जास्त पडलंय, ते आधी बघा.

१० जून
डॉक्टर कोर्टात गेले. मी यंत्रापुढे बसले. ते सगळ्यांचंच ऐकतं, माझंही ऐकलं. देवाचं नाव घेऊन म्हटलं, डॉक्टरांच्या प्रेताचा अहवाल लिही. मरणाचं कारण विचारलं त्याने. म्हटलं, भाजून. माझ्या पोरीसारखं. गोड आवाजात म्हणालं, तयार आहे.

११ जून
डॉक्टर गेले. प्रयोगशाळेत स्पिरिट पेटलं. मी इथे कणीक मळत होते. सुंठीवाचून खोकला गेला. पोटभर जेवले.

१३ जून
जावयाचा अहवाल सांगायला बसले. यंत्र म्हणालं, थांबा, आधी हातातला पुरा करू द्या. कुणाचा? माझं नाव, माझं वय. मी कधी सांगितलंच नव्हतं—
पुसून टाक म्हटलं. म्हणालं, क्षमा करा, सही झाली आहे.
सही डॉक्टरांची. तारीख आजची.

१४ जून
कारण विचारलं. सांगत नाही. प्रत फक्त नातेवाइकाला, म्हणालं. थोरल्या बहिणीच्या पत्त्यावर गेली—
गॅस पेटवत नाही. पाणी पीत नाही. जिना उतरावा, तर—

१५ जून
अक्का, वहीचं पान फाडून धाडतेय. फोनमधूनही ते यंत्रच बोलतं. पाकीट आलं असेल तर फोड. मी कशाने मेले ते उलट टपाली कळव, म्हणजे तेवढं तरी मी टा