रंगूनच्या घरचं पाणी

१६ फेब्रुवारी
सकाळपासून दारच्या ओट्यावर कोणी नाही. यादम्मानं स्वयंपाकघरातून नेहमीसारखं विचारलं, "साब, कित्ते जनां की चाय बनाऊँ?" सवयीनं म्हणालो, दहा. ती ओट्यावर डोकावून आली आणि एकच कप माझ्यापुढं ठेवला.

गॅसची कुपनं टेबलावर पडून आहेत. खासदाराचा कोटा. महिन्यापूर्वीपर्यंत या एकेका कुपनासाठी बरकतपुऱ्यातला आमचा बोळ माणसांनी भरलेला असायचा. कुणाच्या लेकीला शेगडी, कुणाच्या भाच्याला टेलिफोन. मी वैतागायचो, गेलेल्या बायकोच्या, मालतीच्या फोटोकडे बघून म्हणायचो, सुटलीस बाई तू. आता कुपनं आहेत, माणसं नाहीत.

रंगूनहून आल्यापासून हे असं.

१७ फेब्रु.
पक्षाची नोटीस आली. आपल्याच सरकारच्या परराष्ट्र धोरणाविरुद्ध परदेशात वागलात, तुमच्यावर कारवाई का करू नये? खुलासा द्या. भाषा अशी की जणू मी फौज घेऊन गेलो होतो.

खुलासा देण्याआधी स्वतःपुरतं नीट मांडून ठेवतो. आम्ही तिघे खासदार, बरोबर काही व्यापारी. ब्रह्मदेशातून तूर, उडीद, सागवान आणायचं बोलणं. बाजार खुला करायचा, शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचं, हे नवं धोरण. निघताना दिल्लीतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं बजावलं, "डाळीचं बोला सर. तुरुंगातल्यांचा विषय नको, आणि त्यांच्या घरी तर मुळीच नको." तिथं निवडणूक झाली होती. निवडून आलेल्यांना लष्करानं सभागृहात बसू दिलं नाही, बऱ्याच जणांना आत टाकलं. त्यातल्या एकाचं घर आमच्या हॉटेलपासून जवळच होतं. संध्याकाळी फिरून येतो म्हणालो आणि गेलो. त्याची बायको भेटली. पाणी प्यालो, थोडा वेळ बसलो, निघालो. बोळाच्या तोंडाशी एकानं फोटो काढला. दोन दिवसांत परदेशी रेडिओवर माझं नाव. बरोबरचे दोघे म्हणाले, आम्ही तर खोलीत झोपलो होतो.

करार अजून व्हायचाय, डाळ बोटीत चढायचीय, आणि मार मला. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच.

२० फेब्रु., रविवार
सुधाचा पुण्याहून फोन. तिच्या कॉम्प्युटर कंपनीचं काहीतरी अमेरिकेला पाठवायचंय, आवाजात घाई. "बाबा, सॉरी म्हणून टाका ना. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा म्हणतात. त्यानं काही होत नाही."
म्हणालो, चार दिवस ये इकडे.
"मार्च एंड तोंडावर आहे बाबा."
मार्च सगळ्यांनाच असतो. फोन ठेवल्यावरही रिसीव्हर थोडा वेळ हातात धरून बसलो होतो. लेकीची आठवण येते. एवढं साधं वाक्य तिला फोनवर म्हणता येत नाही, मग सॉरी कसं म्हणता येईल?

२३ फेब्रु.
कुलकर्णी आले होते, आपल्या मराठी मंडळाचे चिटणीस. पुढच्या आठवड्यात चिक्कडपल्लीच्या सभेला मी अध्यक्ष. म्हणजे होतो. "तुमची प्रकृती बघता, अण्णासाहेब, म्हटलं तुम्हाला उगाच त्रास..." माझी प्रकृती खणखणीत आहे. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, तरी पण.

खुर्चीच्या कडेला बसले होते, एस.टी.त तिसऱ्या सीटवर बसतात तसे. यादम्मानं पाणी आणलं. "नको नको, आताच घेऊन निघालोय." फेब्रुवारीतलं हैदराबादचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ कोरडे. पण पाणी नको.

मला हसू आलं. मग हसू गेलं. हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय.

२६ फेब्रु.
राघव रेड्डी आला. पक्षाचा इथला कारभारी, पण माझ्यासाठी शाळेतला राघव. निजामाच्या राजवटीत परभणीकडे आम्ही एका बाकावर बसून उर्दू गिरवलं. अजून आमचं बोलणं त्याच बोलीत. गाडी बोळाबाहेर उभी केली होती. पूर्वी दारात आणायचा.

"कायकू ज़िद कर रा तू?" बसायच्या आधीच सुरुवात. "दो लाइनां लिख दे. चलते चलते गया, घर किसका है मेरेकू मालूम नै था. बस. दिल्ली खुश, मैं खुश. एप्रिल में तेरा नाम फिर लगा देतूँ."

एप्रिलमध्ये माझी राज्यसभेची मुदत संपते. त्याच्या शब्दावर मला पुन्हा पाठवतील, हे खरं. राघव शब्दाचा पक्का आहे.

मी विचारलं, नाही लिहिलं तर?
"तो मैं भी कुछ नै कर सकता रे." हे म्हणताना त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

यादम्मानं पाणी ठेवलं. पितळी पेला, आईच्या वेळचा. त्यानं पेल्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.
"अब्भीच पी के आया."
राघव, तूसुद्धा.

२७ फेब्रु., रविवार
सुधाचा फोन नाही.

काल लिहिलं नाही ते आज लिहितो. वडिलांना, नानांना, तिरंगी झेंडा लावल्याच्या खटल्यात पकडून नेलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. गावातली माणसं घरी यायची, उंबऱ्याशी उभी राहायची, हळहळायची. आई पाणी पुढं करी. "आताच पिऊन आलो, वहिनी." सगळे पिऊनच आलेले. कारण आमच्याकडं अशा घरी पाणी पिणं म्हणजे मी तुमचा, असं चारचौघांत सांगणं. आणि पोलीस पाटलाचा माणूस समोरच्या पिंपळाखाली बसून बघत असायचा. आई भरलेला पेला तसाच आत नेऊन तुळशीला ओतायची. त्या उन्हाळ्यात तुळस फार माजली होती.

एक दिवस राघव शाळेतून थेट आला. "अम्मा, पानी." पेला घटाघटा रिकामा केला, वर दुसरा मागितला, आणि तोंड पुसत पिंपळाखालच्या माणसाकडं बघून हसला. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाब शाळेत. राघवच्या वडिलांनी त्याला घरून पढवून पाठवलं होतं, म्हण, घर कुणाचं ते मालूम नव्हतं, तहान लागली म्हणून गेलो. अमीननं विचारलं. राघव म्हणाला, "मालूम था. मेरे दोस्त का घर है." हेडमास्तरांनी अमीनसमोर त्याला वेताच्या छडीनं बडवला. हात सुजले. आठवडाभर त्याची पाटी मी लिहीत होतो.

आई मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची. राघव पुढे मोठा झाला, तरी तिच्या लेखी तो पाणी प्यायलेला राघवच.

तो ही गोष्ट विसरला असेल का? की आठवते म्हणूनच कॅलेंडरकडं बघत होता...

२ मार्च
खरं ते लिहावं. आज सकाळी ते वाक्य लिहून पाहिलं. 'सदर घर कोणाचे आहे याची मला कल्पना नव्हती.' लिहिल्यावर हलकं वाटलं. लगेच डोळ्यांपुढं ओटा भरलेला दिसला, कुलकर्णी आत सरकून बसलेले, सुधा फोनवर "थँक गॉड बाबा" म्हणतेय. लाज वाटली, पण फारशी नाही. कागद फाडला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

संध्याकाळी हिमायतनगरला चक्कर. नव्या दुकानांच्या काचा, परदेशी शीतपेयांच्या पाट्या, पोरांची गर्दी. समोरून एक वकील येत होता, त्याच्या पोराला मीच कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता. मला पाहून रस्ता ओलांडला. पलीकडं गटार खणलेलं होतं, त्यातून बिचारा धोतर सावरत गेला. एवढा द्राविडी प्राणायाम माझ्यासाठी कुणी केला नव्हता.

घरी येऊन दिवा लावला. एकटं वाटतं. या वयात असं लिहू नये म्हणतात. पण वाटतं.

५ मार्च
रंगूनच्या बाई सारख्या आठवतात. बारीक चणीच्या, मिशन शाळेतलं जपून बोललेलं इंग्रजी. दारातच विचारलं, "तुम्हीही निवडून आलेले?" हो म्हणालो. मी आमदारांनी निवडलेला, त्यांचा नवरा लोकांनी, हा फरक सांगत बसलो नाही. त्या म्हणाल्या, "मग बसा."

पाणी आणायला आत गेल्या नाहीत. पेला भरलेलाच होता, मेजावर, वर बशी झाकलेली. कुणी येईल म्हणून रोज भरून ठेवत असाव्यात. मी बशी काढली आणि प्यालो. त्या माझ्या तोंडाकडं नाही, पेल्याकडं बघत होत्या. रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "त्यांना कळवीन." नवऱ्याला. कसं कळवणार, विचारलं नाही.

आता मी लिहून दिलं की घर कुणाचं ते मला माहीत नव्हतं, तर ते दिल्लीत थोडंच थांबणार? दिल्ली ते तिथल्या वकिलातीला देईल, वकिलात जनरलांना. मग कुणीतरी त्या घरी जाऊन वाचून दाखवील. बाई, तो तुमच्याकडं आलाच नव्हता. चुकून शिरला होता.

त्यांनी नवऱ्याला कळवलं असेल एव्हाना.

ड्रॉवरमधला कागद काढला, चुलीत घालायला यादम्माकडं दिला. आमच्याकडं गॅस आहे याची तिनं आठवण करून दिली. मग फाडला.

६ मार्च, रविवार
सुधाचा फोन सकाळीच. "लिहिलंत?" लिहिलं म्हणालो. "गुड." काय लिहिलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास राघव. खुलासा त्याच्या हातात दिला. एवढाच आहे: 'घर कोणाचे आहे ते मला माहीत होते. माहीत होते म्हणूनच गेलो.' इंग्रजीत, टाइप करून, खाली सही.

त्यानं वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ये तो..." आणि थांबला. मी उजव्या हाताची मूठ उघडून तळवा त्याच्यापुढं धरला, छडी खायला धरतात तसा. वात्रटपणाच, पण राहवलं नाही. तो हसला नाही. डोळे भरल्यासारखे वाटले, की माझेच भरले होते, कोण जाणे.

"पागल है तू," म्हणाला. "एप्रिल गया तेरा."
हौ, म्हणालो.
"और मेरा भी, अगर मैं..."

पेला समोर होता. हात पेल्याजवळ गेला होता, मी पाहिलं. तेवढ्यात बोळाबाहेर त्याच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पक्षाची माणसं गाडीत होती. राघवनं कागद घडी करून खिशात घातला आणि उठला. दारात वळून म्हणाला, "दिल्ली कू फोन करके शाम कू आतूँ."

यादम्मा पेला उचलून आत ठेवायला निघाली होती. नको म्हणालो. जुनं पाणी ओतून ताजं भरून घेतलं.

आता उन्हं उतरलीत. बोळात अजून कोणी नाही. माशा येतात, म्हणून पेल्यावर बशी झाकून ठेवलीय.