फुलवालीच्या बाकावर

७ नोव्हेंबर १९८३
हे आज पुन्हा फुलं घेऊन आले. पांढरी शेवंती. लग्न झाल्यापासून ऐकतेय, "बुद्धवंदनेला मन लागतं, फुलं कशाला?" आणि आता रोज पुडी. स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून यायलाही उशीर. विचारलं तर, "काम होतं."
कसलं काम?

११ नोव्हें.
शाळा लवकर सुटली. मुलांच्या वह्या न तपासताच मुद्दाम स्टेशनच्या रस्त्याने आले. हे फुलवालीच्या बाकावर. तिशीची बाई, गोरीपान. तांब्या पुढे करत होती, हे पीत होते. मी मागच्या गल्लीने घरी. आल्यावर पुडी पुढे केली. म्हटलं, "तुम्हीच ठेवा."
झोपताना पाठ माझ्याकडे. वर्ष झालं याला. वय झालं असेल, असं मीच मला समजावत होते. मूर्ख मी.

१४ नोव्हें.
गेलेच तिच्याकडे. बरंच काही ठरवून. नाव यमुना, शहराबाहेर मळा. मी कोण ते कळल्यावर म्हणाली, "बरं झालं आल्या ताई. साहेबांचे पाय लय दुखत्यात. इथवर आले की पोटऱ्या धरून बसत्यात. जरा बसलं की थांबतं, मग जात्यात. फुकट बसायची लाज, म्हनून फुलं घेत्यात. घरी कळू देऊ नको म्हनले."
राग गेला नाही, वाढला. तिला माहीत, मला नाही.
अंथरुणात ह्यांच्या पायाला पाय लावून पाहिला. गार पडलेला.

१७ नोव्हें.
भांडून डॉक्टरांकडे नेलं. दंडाला बीपी इतकं की त्यांनी परत मोजलं. मग जांघेत नाडी शोधत बसले, जेमतेम लागली. पोटाचा एक्स-रे काढला. मणक्यापुढे पांढरं, खडबडीत काहीतरी. ती म्हणे हृदयाकडून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी. बंबाच्या नळीत क्षार बसतो तसा आत चुना साचलाय, वाट जवळजवळ बंद. खाली पायांना रक्त नाही, वर बीपी, मूत्रपिंडांवरही ताण. ह्यांना एकट्याला काही विचारलं, मग मला म्हणाले, "रात्रीचं तेही यामुळेच." हे खिडकीबाहेर बघत राहिले.
मला आधी सुटल्यासारखं वाटलं. भीती नंतर वाटली.

२० नोव्हें., रविवार. पौर्णिमा
विहारातून आल्यावर विषय काढला. मुंबईला ऑपरेशन, नकली नळी घालायची. डॉ.नी चिठ्ठी दिलीय. ऑपरेशनमध्ये धोका, नाही केलं तर पाय जातील, मूत्रपिंडं जातील. हे: "पाय दुखतात म्हणून पोट फाडायचं?"

२६ नोव्हें.
वैद्याच्या काढ्याने उतार आहे म्हणतात. चार दिवस वेळेवर घरी. फुलं नाहीत. "न थांबता आलो."
चपला बाहेर काढल्या होत्या त्या पाहिल्या. स्टेशनपासून चालत आले आणि धूळ नाही?

२८ नोव्हें.
यमुनाला विचारलं. "रिक्षात दिसत्यात, ताई. मान खाली घालून. इकडं बघत बी नाय." म्हणजे कोपऱ्यावर उतरून घरापर्यंत चालायचं. माझ्यासाठी एवढं नाटक.

२९ नोव्हें.
संध्याकाळी म्हटलं, विहारापर्यंत पायी जाऊ. नाही म्हणता येईना. यमुनाचा बाक आला, ह्यांचा चेहरा आवळलेला. मीच थांबले. "चपलेचा पट्टा निघाला," म्हणून बसले. हेही बसले. हात आपोआप पोटरीवर गेला. मग माझ्या चपलेकडे पाहिलं. पट्टा धड होता.
"कधीपासून माहीत आहे?"
"तुमच्या चपलांना धूळ नव्हती."
यमुनाने न मागता पाणी दिलं. ह्यांनी तांब्या रिकामा करून परत दिला. मग, "ती मुंबईची चिठ्ठी कुठाय?" पर्समधून काढून दिली. वाचली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

३० नोव्हें.
शर्ट धुवायला घेतला. खिसा रिकामा. रजेच्या अर्जाला जोडायला नेली, की वाटेत फाडून टाकली? निघताना नेहमीसारखंच "येतो" म्हणाले.
विचारणार नाही. संध्याकाळी आले की आधी चपलांवर धूळ आहे का बघेन.