वाइलोआच्या डोहावरचे बुंधे

५ मार्च
पोचले एकदाची! होडीतून उतरताना चप्पल पाण्यात गेली आणि अपिसाईमामा किनाऱ्यावरून ओरडला, सुवाची राणी आली रे, हिला आता चिखलात चालायला शिकवा! मग स्वतःच कमरेएवढ्या पाण्यात शिरून चप्पल शोधून दिली. मामीने नारळाच्या दुधातली मासळी आणि उकडलेली अळकुडी पुढे ठेवली, एवढी की मला धड उठता येईना.
सुवा शहरातल्या माझ्या वर्तमानपत्राला वादळानंतरच्या वाइलोआ गावाचे फोटो हवेत. इथल्या डोहात मी पोहायला शिकले, उलामिलाआजीचा हात धरून. ती कोणाचीच सख्खी नव्हती. डोहाच्या वर एकटी राहायची आणि गावातली सगळी पोरं तिचीच. वादळात डोंगर तिच्या घरावर आला. मामी म्हणाली, सापडली तेव्हा तोंड मातीने भरलेलं होतं. मामा उठून बाहेर गेला.

७ मार्च
डोहावर गेले. रडू आवरलं नाही. नेच्यांची सावली नाही, पाखरू नाही. सोललेल्या गुडघ्यासारखा लाल उतार, आणि पाणी चहासारखं. दाकुआची ती प्रचंड झाडं उतार धरून उभी असायची. आता एकही नाही.
फोटो काढता काढता लक्षात आलं. उपटलेली मुळं कुठेच नाहीत. बुंधे सपाट आहेत, करवतीने कापलेले. आणि दरडीची माती त्या कापांवर बसली आहे. म्हणजे झाडं आधी गेली, डोंगर मागून आला.
वादळाने मारलं नाही तिला.

८ मार्च
मनोआ भेटला, लाकूड कंपनीचा करवतवाला. विचारलं तर हसला. म्हणाला, वादळालाच जाऊन विचार की, त्याच्याकडे करवत होती का. मग बुंध्यावर मांडी ठोकून बसला. माझा काढ एक, बायको म्हणते माझा एकही फोटो धड नाही.
काढला. घरी येऊन पाहिला.
त्याच्या मागे उलामिलाआजी उभी आहे. ओलीचिंब. हात त्याच्या खांद्यावर.
मामाला दाखवला. त्याने कॅमेरा पालथा ठेवला.

९ मार्च
मनोआ डोहाकाठी सापडला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. तोंड लाल मातीने गच्च भरलेलं.
मामी रडली. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कॅमेऱ्याची काच पुसून ठेवली.
आणखी कोण होतं?

११ मार्च
भर दुपारी डोहावर गेले. मोठ्याने म्हणाले, आजी, दुसरा कोण ते सांग, मी आणते त्याला.
उत्तर मागून आलं. मामा माझ्या पाठोपाठ आला होता. म्हणाला, लितियाना, झाडं मी दाखवली. कंपनी गावाला रस्ता देणार होती. म्हातारीने माझे हात धरले, उतार उघडा करू नकोस म्हणाली. मी म्हटलं, तू मेलीस तरी रस्ता होणार. असंच म्हटलं गं मी तिला.
मी त्याला बुंध्याशी उभं राहायला सांगितलं. मनोआचा फोटो त्याने पाहिला होता. तरी उभा राहिला. हातानेच केस सारखे केले.
मी बटण दाबलं.

संध्याकाळी
फोटो कॅमेऱ्यातून पुसला. पुन्हा आहे. पुसला — आहे. आजी त्याच्या शेजारी —
आजी, नको. मी रागात — त्याने मला चप्पल शोधून — तो माझा मामा आहे —

१२ मार्च
जेवताना मामा खोकला. ताटात लाल माती. मामी नर्सला आणायला धावली. मी त्याच्या तोंडातून बोटांनी काढते आहे, काढावी तितकी भरते — तो माझ्याकडे बघतोय. रागावलेला नाही —

फोटो उघडला. आजी गेली! आजी नाही त्यात!
शेजारी मी आहे. ओलीचिंब. हात त्याच्या खांद्यावर —

एक हात वहीवर आहे. दुसरा उचलत नाहीये. त्याच्या खांद्यावरून उचलतच नाही — मामा, सोडते मी, बघ, सोड—