न सडणारं लाकूड

पणजी, गोवा
१२ जुलै १९९८

तीर्थरूप अब्बांस,
नाजियाचा सलाम. वि. वि.

शाळेतल्या बाईंनी शिकवलेली ‘वि. वि.’ मी अजून सोडलेली नाही, हसू नका. इकडे सगळं ठीक. मासे खाऊन कंटाळले आहे, पण हे अम्मीला सांगू नका, ती लगेच लोणचं पाठवील.

गोव्याला बसून ही पोरगी नेमकं करते काय, असं तुम्ही विचारलंत. सांगते. समुद्रात बुडालेल्या लाकडावर बुरशी धरते. काळे ठिपके, मोहरीहून बारीक. त्यात तिचं बी असतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या बीला दोन्ही टोकांना शेपट्या दिसतात. आजवर लोक शेपट्यांचं रूप पाहून ठरवत आले, की ही कुठल्या घराण्यातली. आता बुरशीचा डीएनए काढून वाचता येतो, तेव्हा कळतं की सारख्या शेपटीची सगळी एका घरची नसतात. एका बुरशीवर माझा असाच संशय आहे. पुस्तकात ती एक आहे, मला त्या दोन वाटतात. रूप आणि डीएनए ताडून ते दाखवायचं, हाच माझा प्रबंध. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी डिसेंबरात संपते. तोवर झालं नाही तर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

बुरशीला आमिष म्हणून लाकडाचे तुकडे खाडीत टांगून ठेवतात. मला साठ हवेत. वीतभर लांब, चार बोटं रुंद, एका टोकाला दोरीपुरतं भोक. इथले सुतार आज-उद्या करत बसतात, म्हणून तुम्हालाच त्रास देते. लाकूड कुठलंही चालेल.

खोकला गेला का, कळवा. रुबीनाला अभ्यासाला बसवा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
नाजिया


आलापल्ली
३० ऑगस्ट १९९८

चि. नाजियास,
अब्बाकडून दुआ. वि. वि.

पत्र उशिरा भेटलं. भामरागडले आश्रमशाळेच्या खिडक्या बसवाले गेलो होतो, तं नदी पुलावरून वाहून राह्यली. नऊ दिवस तिथीच अडकलो. मास्तरच्या घरी सकाळी भात अन् अंबाडीची भाजी, सायंकाळी अंबाडीची भाजी अन् भात.

तुझं काम समजलं. आमचंबी तसंच असते. जंगलात नवा माणूस सालीकडं पाहून झाडाचं नाव सांगून टाकते. मी ढलपी काढतो, वास घेतो, मंग बोलतो. म्हणजे तुझा तो डीएनए मी इतके वर्षं नाकानंच वाचून राह्यलो. तुझ्या सरले सांगजो.

कुठलंही लाकूड चालेल असं लिहिलं, ते वाचून मात्र राग आला. गुलाम रसूल मिस्त्रीची पोरगी बापाजवळ कुठलंही लाकूड मागते? लाकडाच्या डेपोतून जुन्या सागवानाचा गाभा आणला. एकात गाठ नाई. रंधा असा मारला का गाल लावून पाह्य. वरून आणखीन एक काम केलं हाये, ते विचारू नको, कारागिराच्या पोटातली गोष्ट हाये. समुद्र काय, समुद्राचा बापबी याले खाऊ शकत नाई.

अम्मीनं पार्सलात लोणच्याची बरणी घातली. मी काही सांगितलं नव्हतं, तिले आपोआप समजते. खोकला आहे तसाच. भुसा उडते तिथी खोकला राहणारच. पत्र टाकत जा.

तुझा,
अब्बा


पणजी
१८ मार्च १९९९

अब्बांस,
सलाम.

तुमचे तुकडे ऑक्टोबरात खाडीत बांधले होते. काल शेवटची दोरी वर काढली. साठांपैकी एकावरही बुरशी नाही. वर चार शिंपले चिकटलेत, बस. एक तुकडा फोडला तर करंजाच्या तेलाचा वास आला. पार्सल उघडलं तेव्हाही तेल लागलेलं होतं, मला वाटलं अम्मीची बरणी गळली. नदीतला डोंगा सडू नये म्हणून त्याला पाजतात तसं तुम्ही माझ्या लाकडाला तेल पाजलंत.

अब्बा, मला सडणारं लाकूड हवं होतं. लाकूड सडवते तीच बुरशी, आणि तीच तर मला हवी होती. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, की हे तुकडे कोणी दिले, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या म्हणून माणसाला सगळंच कळतं असं नाही. एकदा विचारलं असतं तर काय कमीपणा आला असता? माझे आठ महिने गेले. ते आता कुठून आणू?

बकरीदला येत नाही. अम्मीला सांगा.

नाजिया


आलापल्ली
९ एप्रिल १९९९

चि. नाजियास,
अब्बाकडून दुआ. वि. वि.

अक्षर रुबीनाचं हाये, माझा हात जरा दुखून राह्यला, काळजी करू नको.

तुझं पत्र भेटलं. चूक माझी हाये. लाकूड सडलं पायजे अशी मागणी माझ्याजवळ उभ्या जन्मात कोणी केली नव्हती, म्हून डोक्यात शिरलं नाई. काटसावरीचे चाळीस तुकडे पाठवून राह्यलो. लय हलकं लाकूड, माचिसच्या काड्या बनवतात ते. पावसात ठेवलं तं दिवाळी पाहत नाई. तेल लावलं नाई, रंधाबी मारला नाई. मारावासा वाटला होता, पण हात मागं घेतला. आता डिसेंबरच्या आत होते का नाई, तेवढं कळव.

घरी ये म्हणत नाई. आधी काम पूर्ण कर. इथी सगळे मजेत हाये.

तुझा,
अब्बा


आलापल्ली
२० मे १९९९

प्रिय नाजियाआपास,
रुबीनाचा सलाम.

हे पत्र मी अब्बांना न सांगता लिहिते आहे. इथे कोणीच मजेत नाही. अब्बांनी सांगितलं तसं मी लिहिलं, माझ्यावर रागावू नकोस.

दिवाळीपासून त्यांच्या खोकल्यात रक्त पडतं. फेब्रुवारीत चंद्रपूरला नेलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस गेलं आहे, आता घरीच ठेवा, जे मागतील ते खाऊ घाला. अब्बांनी माझ्याकडून आणि अम्मीकडून कुराणाची शपथ घेतली, की तुझी डिग्री होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही. शपथ मोडली, त्याचं पाप मला लागू दे.

तुझे चाळीस तुकडे करायला त्यांना अकरा दिवस लागले. करवत चार वेळा ओढायची आणि बसायचं. मी धरते म्हटलं तर ओरडले, की माप चुकलं तर आपा पुन्हा रागवेल. आता ते उठत नाहीत. पोस्टमन आला की मान वळवून पाहतात. लवकर ये.

तुझी,
रुबीना


पणजी
२६ सप्टेंबर १९९९

प्रिय अम्मीस,
नाजियाचा सलाम. वि. वि.

सुखरूप पोचले, हे तुला जुलैतच फोनवर सांगितलं. रुबीनाचं ते पत्र माझ्या खोलीत, दाराच्या आत, अजून तसंच आहे. ते आलं तेव्हा मी नमुने गोळा करायला जहाजावर होते. अकरा जूनला उतरले, खोलीत पत्र मिळालं आणि अब्बा गेल्याचा दोन दिवसांपूर्वीचा निरोप ऑफिसात मिळाला, दोन्ही एकाच दिवशी. आलापल्लीला पोचले तेव्हा कबरीवरची माती वाळायला लागली होती.

काटसावरीच्या तुकड्यांवर बुरशी आली, अम्मी. इतकी आली की सर स्वतः बघायला उठून आले. मला हवी होती तीही मिळाली. डीएनए वाचून झाला. त्या दोनच आहेत. शेपट्या अगदी सारख्या, पण नात्यानं एकमेकींच्या कोणी नाहीत. एक तर जिच्या बीला शेपटीच नसते, तिची सख्खी निघाली. माझं म्हणणं खरं ठरलं. लोक अभिनंदन करतात, मी हसते. नमुन्याच्या चिठ्ठीवर लाकूड कापणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. सर म्हणाले, तसा रकाना नसतो, आणि त्यांनी ते खोडलं.

अब्बांच्या चाळीसाव्या दिवसापर्यंत मी तुझ्यासमोर होते. रोज एक गोष्ट विचारायला तोंड उघडायचे आणि भांडी घासायला उठायचे. मार्चमधलं माझं ते पत्र अब्बांनी पूर्ण वाचलं का? रुबीनाला विचारलं तर तिनं विषय बदलला. मी मागाहून त्यांना एक ओळसुद्धा लिहिली नाही, अम्मी. तुकडे मिळाले एवढंही कळवलं नाही. राग धरून बसले होते. त्यांना किती लागलं, ते मला खरं सांग. हे कळल्याशिवाय माझ्याच्यानं प्रबंधाचं एक पान लिहवत नाही.

तुझ्या मायेची गरज आहे.

तुझी,
नाजिया


आलापल्ली
१४ ऑक्टोबर १९९९

चि. नाजियास,
अम्मीकडून लाख दुआ.

चौथीपर्यंत शिकली, अक्षराले हसू नको. रुबीनाले सांगितलं असतं तं तिनं लिहून देलं असतं, पण हे तिच्या हातून लिहवून घेणं बरं नाई.

तू विचारलं तं खोटं नाई सांगत. लागलं त्यायले. रुबीना वाचत होती, ते दारं-खिडक्यांच्या ओळीपाशी अडखळली. त्यायनं पूर्ण वाच म्हटलं, मंग आणखी एकदा वाच म्हटलं. दोन दिवस दुकानाचं कुलूप काढलं नाई. तिसऱ्या दिवशी पोचूभाऊच्या चहाठेल्यावर जाऊन बसले अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत सुटले, का सहा महिने खाऱ्या पाण्यात ठेवलं तरी माझ्या लाकडाले डाग नाई, पोरीनं गोव्याहून तसं लिहून पाठवलं. पोचूभाऊ अजूनबी कौतुकानं मले ते सांगते. मी ऐकून घेते. त्यायचं घरातलं तोंड त्यानं कुठी पाह्यलं होतं? पण तुझ्याबद्दल वाकडा शब्द मात्र त्यायच्या तोंडून निघाला नाई. उलट मीच बोलली, तं मले गप केलं. ते म्हणाले का तिच्याजागी मी असतो तं पार्सल मिस्त्रीच्या तोंडावर फेकून मारलं असतं.

आता एक सांगते, ते तुले कोणी सांगितलं नसन. तुझे चाळीस तुकडे झाले अन् काटसावर उरली. त्यायनं तिच्या लांब फळ्या चिरल्या, खोकत खोकत, अन् भिंतीले लावून ठेवल्या. गावात आपल्यातलं कोणीबी गेलं का कबरीत मयतावर आडव्या लावाच्या फळ्या तेच करून देत, तुले ठाऊक हाये. त्यातबी सागवानच देत. मेलेल्या माणसाले काऊन हलकं द्याचं, असं म्हणत. मी विचारलं, ह्या कोणासाठी, तं त्यायनं स्वतःकडं बोट दाखवलं. मी रडली, भांडली, निदान सागवान तं घ्या म्हटलं. ते म्हणाले, सागवानाखाली माणूस मातीले भेटाले किती वर्षं घेईन, कोणाले ठाऊक. लाकूड सडलंच पायजे अशीबी जागा असते, मी आजवर सगळ्यांले चुकीचं लाकूड देत आलो, हे मले नाजियाच्या पत्रानं समजलं.

त्याच फळ्या लावल्या हायेत. लिहाले बस, बेटा. जेवण टाळू नको, अन् मायेचं म्हणशील तं ती मागून घ्याची चीज नाई.

तुझी,
अम्मी