सांधणारी पट्टी

३ नोव्हेंबर
आले एकदाची नागपुरात! मी साताऱ्याची, तिखटाचा तोरा मिरवणारी. इथल्या तर्रीपोह्यांनी पहिल्याच सकाळी डोळ्यांतून पाणी काढलं. प्रयोगशाळा मात्र झकास. इथे कृत्रिम रक्तवाहिन्या बनतात: रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या, कापल्या तर स्वतःच स्वतःला सांधणाऱ्या. माझी जोडीदारीण पायल, खापरखेड्याची. त्या रबरी पदार्थाच्या कापलेल्या पट्ट्यांमध्ये काच ठेवायची, नाहीतर त्या एकमेकींना बिलगतात, हे तिने सतरांदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

७ नोव्हेंबर
पट्टी कापताना ब्लेड माझ्याच बोटाला लागलं. कापूस शोधायचा कंटाळा, म्हणून हातातली पट्टीच गुंडाळली. चहा होईपर्यंत जखम गायब! पट्टीही कातडीत मुरली. आमचे प्रमुख उन्मेष सर आधी ओरडले, मग फोटो काढत बसले. मी दिवसभर बोट मिरवलं.

९ नोव्हेंबर
सकाळी उठले तर ते बोट शेजारच्याला चिकटलेलं. वण नाही, शिवण नाही, जन्मतःच एक असल्यासारखी. पायलने उलटसुलट करून पाहिलं.
“काहून घाबरून राहिली वं? डॉक्टर कापून देईल ना,” म्हणाली.

१० नोव्हेंबर
डॉक्टरांनी बोटं सुटी केली. टाक्यांसाठी सुई उचलेपर्यंत पुन्हा एक. परत कापली, तर तिसरं बोटही आत ओढलं गेलं. मला भीती वाटते, खूप. सरांनी मला प्रयोगशाळेच्याच खोलीत ठेवलंय. शोध जाहीर होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही म्हणाले. दाराला बाहेरून कडी असते. माझा फोन त्यांनीच ठेवून घेतलाय; आईला त्यांच्यासमोर सांगितलं, मजेत आहे.

१२ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचा नुसता गोळा झालाय. कोपर दुमडून झोपले, आता सरळ होत नाही. कळलं मला. त्या पट्टीला जखम आणि फट यांतला फरक कळत नाही. दोन कडा जवळ आल्या की सांधायचं, बस्स. ओठ मिटत नाही मी. मिटले तर— घरी जायचंय मला.

१३ नोव्हेंबर
सरांनी सकाळी पायलला आत सोडलं, तेव्हापासून ती तो गोळा हातात धरून बसलीय. खूप रडले. बरं वाटलं.
दुपार झाली, घरी जा म्हटलं. उठली. परत बसली. हळूच म्हणाली, “हात सुटून नाही राहिला वं.”
सरांना हाका मारतोय. कोणी नाही. कडी—
ती हात सोडवायला ओढतेय. तिची बोटंही आता— मी तिला म्हटलं, जवळ येऊ नकोस, पण ती ओढली जातेय माझ्या