डावी चप्पल चावली नाही

कोल्हापूर,
गुरुवार, सकाळी साडेदहा

प्रिय अहो,

लग्न ठरल्यावर मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, पण ते ताईनं सांगितलं तसं लिहिलेलं, म्हणून धरायचं नाही. हे पहिलंच. लिहायचं कारण असं की तुमचा फोन बंद आहे, आणि समोर बसून बोलायला गेले की मी भांडते. आता भांडायला वेळ नाही. काल डॉक्टरांनी आत्ताच्या आत्ता दाखल व्हा म्हणून सांगितलं, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकून घरी आलात, आणि आज पहाटे मी आंघोळीला गेले तेवढ्यात पिशवी उचलून गावाकडं जायला गारगोटीची एसटी धरलीत. जाताना दाराबाहेरून ओरडलात, ‘उसाला तोड आलीया, दादा एकटा पडलाय!’ पंधरा वर्षांत तुम्ही उसाच्या तोडीला गेला नाहीत. शिरोलीच्या कारखान्यात साच्याचं माप केसभर चुकलं तर रात्रभर न झोपणारा माणूस, स्वतःच्या तब्येतीला मात्र ‘चालतंय की’ म्हणतो!

पण चूक एकट्या तुमची नाही. रविवारचं आठवून मला सारखं कसंतरी होतंय. नवी कापशी चप्पल घालून तुम्ही रंकाळ्याला चक्कर मारून आलात. उजवा पाय लंगडत होता. म्हणालात, ‘उजवी चावती गं, पण डावी बघ, लोणी हाय लोणी! कारागिराचा हात डावीवर बसलाय.’ आणि मागं वळून बघते तर फरशीवर रक्ताचे ठसे, तेही डाव्या पायाचे. अंगठ्याजवळचं कातडं पार सोललेलं. मी हळद भरली, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. आपण काय केलं? हसलो! नवी चप्पल चावायचीच, ती मऊ पडेपर्यंत सोसायचं, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं, की चावूनही कळत नाही याचं नवल कुणालाच वाटलं नाही. तुम्ही म्हणालात डाव्या चपलेला तेल जास्त लागलं असेल. मी मान डोलावली. तासाभरानं तुम्हाला ते झोंबायला लागलं तेव्हा तर मला बरंच वाटलं. विषय तिथंच मिटला.

काल चहाच्या वेळी मात्र हसू आलं नाही. कप डाव्या हातातून कलंडला, गरम चहा मांडीवर सांडला आणि तुम्ही तसेच बसून. मग म्हणालात घर फिरतंय, डावा गाल दाताच्या डॉक्टरानं सुई टोचल्यासारखा जड झालाय. वीस मिनिटांत सगळं गेलं आणि लगेच तुमचं सुरू, पित्त झालंय, लिंबूपाणी दे. मी म्हटलं साखर वाढली असेल, तुम्ही म्हणालात दोन उशा घेतो म्हणून मान आखडली. दोघंही स्वस्तातलं दुखणं शोधत होतो.

दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं होतं, पण तुमचं लक्ष दाराकडं होतं, म्हणून सातवीच्या वर्गाला सांगते तसं पुन्हा सांगते. मानेतली नस दबली तर हात बधिर होतो. साखरेनं होतो, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तरी होतो, पण तिथं बहुतेक दोन्ही पायांना मुंग्या येतात आणि हळूहळू वाढत जातात. नुसती चक्कर कानातल्या बिघाडानंही येते. अर्धशिशीत कधीकधी अर्धं अंग बधिर पडतं. यातलं काहीही असू शकतं, असं त्या म्हणाल्या. पण एकाच बाजूचा हात नि गाल, तोही अचानक, वर चक्कर, म्हणजे आधी मेंदूकडं जाणारं रक्त मध्येच अडलं होतं का ते बघायचं. मग त्यांनी विचारलं, असं आधी कधी झालं होतं? तुम्ही ठामपणे ‘न्हाय’ म्हणालात. मी चप्पल सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. तुम्ही माझ्याकडं चहाडी केल्यासारखं बघितलंत, ते मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, आपोआप गेलं म्हणून सुटलात असं नाही, हा इशारा आहे. पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि याच दिवसांत उपचार केले तर मोठा झटका टाळता येतो. मेंदूचा फोटो आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी, एवढंच तर करायचं होतं.

मघाशी गावाहून हंबीरभाऊजींचा, तुमच्या दादांचा, फोन आला. त्यांना वाटलं आपलं भांडण झालंय. मी खरं काय ते सांगितलं, तसा बायडाक्कांनी फोन ओढून घेतला. जाऊबाई माझ्या, पण रडल्या बहिणीसारख्या. तुम्ही त्यांना चुलीपाशी बसून काय सांगितलंत ते मला कळलं. ‘तिनं आबांचं सात वर्षं काढलं. आता माझं तिच्या नशिबी नको. व्हायचं ते हितंच होऊ दे.’

अहो, आबांच्या, माझ्या मामंजींच्या, अंगावरून वारं गेलं तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. खोटं कशाला बोलू, फार जड गेली ती वर्षं. कूस बदलायची, भरवायचं, शाळेची घंटा व्हायच्या आत चादरी धुवायच्या. मागच्या नळापाशी मी रडायचे आणि एकदा तुम्ही बघून तसेच परत फिरलात, तेही मला माहीत आहे. पण ‘अनुजाचं आयुष्य वाया गेलं’ असं लोक म्हणायचे, ते मला कधी पटलं नाही. रोज सकाळी मी त्यांना पेपरातल्या कुस्त्यांचे निकाल वाचून दाखवायचे आणि आवडता पैलवान जिंकला की ते चांगल्या हातानं माझा हात दाबायचे. या घरात मला पहिली शाबासकी त्यांनीच दिली. आणि एक गोष्ट तुमच्यापासून आजवर लपवली. झटक्याच्या तीन दिवस आधी त्यांचा हात अर्धा तास मेला होता. मी कोमट तेल लावून चोळला. बरा झाला, म्हणून कुणाला बोललेच नाही. सात वर्षं मी सेवा करत होते असं सगळ्यांना वाटतं. त्यातली निम्मी मी ते तेल धुऊन काढत होते.

एवढं घरी लिहिलं. पुढचं गारगोटीत लिहितेय, वही स्टीअरिंगवर ठेवून. हो, गाडी मीच चालवत आणली, तुम्ही मला गल्लीच्या बाहेर कधी नेऊ दिली नाहीत ती. डॉक्टरीणबाईंना फोन केलाय, त्या खाट अडवून ठेवताहेत. तुमचे दोन सदरे आणि चष्मा पिशवीत आहे. हे पत्र बायडाक्का आत आणून देतील. मला त्रासातून वाचवायला निघालात, पण तसलं दुखणं यायची खरी वाट तर तुम्ही इथं बसून बघताय. वाचवायचंच असेल तर गाडीत येऊन बसा. मागच्या वेळी मला कळत नव्हतं, या वेळी कळतंय, आणि तरी तुम्ही मला नुसती बघत बसवणार असाल तर ते मला झेपणार नाही. मी अंगणाबाहेर गाडीतच आहे. हॉर्न वाजवणार नाही. इंजिन चालू ठेवलंय.

तुमचीच, भांडायला आणि सगळ्यालाच,
अनुजा