निकेशच्या परतीचा ठराव आणि माझी मिळकत

१. माझा धाकटा भाऊ निकेश परदेशात एका गोदामात इलेक्ट्रिशियन म्हणून गेला. तिथे न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर त्याची सही घेतली गेली आणि जनरेटर दुरुस्तीसाठी त्याला त्या देशाच्या सैन्याबरोबर आघाडीवर पाठवले.
२. तिथल्या वकिलाने कळवले की सुटकेच्या अर्जासाठी रक्ताचे नातेवाईक स्वतः हजर हवे आणि सोबत गावाचा ठराव हवा.
३. आमच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. सर्वांचे एकमत झाले तरच ठराव होतो. एकाने नाही म्हटले तरी तो थांबतो.
४. गावातले बापूराव काका आणि गुणवंतराव भाऊ, दोघांनाही निकेश परत हवा आहे. ठराव त्या दोघांनीच अडवला.
५. हात मोजायची सूचना आली. बहुमत आमच्या बाजूने होते. मी नको म्हटले.
६. ठराव झाला नाही. २० मार्चला मी एकटी जात आहे.

मी, पुनम मंगरू कुमरे, वय २८, वीज उपकेंद्रात ऑपरेटर, राहणार कोहकाटोला, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचाही दबाव नाही, असे पुढे लिहिण्याची पद्धत आहे. दबाव आहे, पण या कागदात काय लिहावे याबद्दल नाही.

घर. वडिलांच्या पश्चात घर आम्हा तिघांच्या नावे आहे. माझा हिस्सा आई, वच्छला मंगरू कुमरे, हिला द्यावा. ठरावाच्या सभेतून घरी आल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही. त्याचा हिश्श्याशी संबंध नाही. मागच्या खोलीचे वायरिंग माझे आहे, अर्थिंग निकेशने केले आहे. ते चांगले आहे, उकरू नये.

बँकेतली ठेव. ती निकेशला. तो परत न आल्यास आईला. 'परत न आल्यास' हे तीन शब्द लिहायचे नव्हते, पण कायद्याला दोन्ही बाजू लागतात.

स्कूटी आणि हत्यारे. उपकेंद्रातली माझी सहकारी मयुरी हिला. पकड, क्लॅम्प मीटर, तारांचे इन्सुलेशन तपासायचा मेगर, सर्व. मेगर वापरात नसेल तेव्हा त्यातले सेल काढून ठेवावेत. तिला सांगून उपयोग नसतो, म्हणून लिहून ठेवत आहे.

टीव्ही. हा काका आणि गुणवंतराव भाऊ यांना मिळून एक. विकू नये, वाटून घेऊ नये. कोणाच्या घरी ठेवायचा यावर एकमत होईपर्यंत तो ग्रामसभेच्या खोलीत राहील. आईसमोर त्यावर युद्धाच्या बातम्या लावू नयेत. ती पडद्याजवळ जाऊन प्रत्येक शिपायाचा चेहरा पाहते.

हे दोघे आमच्याच ओसरीवर बसून भांडत आले. काका एका पक्षाचे, गुणवंतराव भाऊ दुसऱ्या पक्षाचे. वडील असताना ते भांडण चहाबरोबर संपायचे. सभेत संपले नाही.

काका म्हणाले, "पोराले परत आना, इतकंच लिवा. सरकारनं लक्ष नाई देल्लं असं लिवसान, त मी उठून जातो. तो देश आपला दोस्त आहे."

"दोस्तानं आपला पोरगा लढाईत जुपला, तरी दोस्त?" गुणवंतराव भाऊ म्हणाले. "तेच लिवा पयले. नाईतर माही सम्मती नाई."

"तुले त मोर्चाले पोरगा पाह्यजे!"

"अन तुले त्याच्यासंग फोटो काढाले!"

आईने विचारले, "माहा पोरगा कोन्या पक्षाचा आहे, ते सांगा ना मले."

तेव्हा गावातलाच हरिदास उसेंडी उठला. "मंग हात मोजा ना बाप्पा! काऊन अडून राह्यले?"

हात वर झाले. पुष्कळ झाले. मी म्हटले, "मोजू नका."

कारण नोंदवते. बहुमताची वहिवाट एकदा पडली की पुढच्या सभेत गावच्या जंगलातला बांबू ठेकेदाराला तोडू देण्याचा ठराव येईल. ठेकेदाराला अर्ध्याहून जास्त घरांनी होकार कळवला आहे. आज ते जंगल एकट्या नीलाबाईंच्या 'नाई'वर उभे आहे. निकेशसाठी हात मोजले असते, तर बांबूसाठी मोजू नका असे कोणत्या तोंडाने सांगितले असते?

घरी येताना आई म्हणाली, "तुले भाऊ जास्त का बांबू?" त्याचे उत्तर या कागदात नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलाबाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. "तू येऊन जाशीन, मले काई काम पडनार नाई," असेही म्हणाल्या. तो होकाराचा भाग धरू नये.

माझा मृत्यू तिकडे झाल्यास माझा देह आणण्यासाठी सभा बोलावू नये. जी खटपट करायची ती निकेशसाठी करावी.

हरिदासला मी काही दिलेले नाही, कारण ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्याच्यावर राग नाही. त्याला खरेच निकेश हवा होता.

सही: पुनम मंगरू कुमरे
ठिकाण: कोहकाटोला
दिनांक: ९ मार्च २०२६

पुनमने आमच्या दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही तिच्या देखत केली.
साक्षीदार: १. इंदुताई गावडे, अंगणवाडी सेविका २. हरिदास उसेंडी

प्रत: बापूराव काका आणि गुणवंतराव भाऊ यांना.

तुमच्या दोघांच्या मसुद्यांतून सरकार, पक्ष आणि त्या देशाचे नाव मी काढले आहे. उरलेला ठराव असा आहे: "निकेश मंगरू कुमरे आमच्या गावचा आहे. तो लढायला गेला नव्हता. त्याला घरी पाठवा." यावर तुमची संमती आहे का, ते कळवावे. नसेल तर कोणता शब्द अडतो तेवढाच लिहावा. मी तो बदलून पुन्हा आणीन. सभा सोमवारी घेता येईल. उत्तर दोघांनीही रविवार, १५ मार्चपर्यंत द्यावे.